युसूफभाईंच्या ओट्यावरचं दूध

अकोल्याच्या जुन्या शहरात युसूफभाईंच्या तेलघाणीवर डबा पुढे करून नुसतं "तेल द्या" म्हटलं, की तेल मिळत नसे. गायीसाठी नेणार असाल तर आधी तिची हकीकत सांगावी लागे. विऊन किती दिवस झाले, कडबा खाते का, रवंथ करते का, शेण कसं टाकते. ही सवय आपल्याला डॉक्टरसाहेबांनी लावली, असं ते माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत. खरं तर चौकसपणा त्यांचा जन्माचाच होता.

मी तेव्हा बार्शीटाकळीला पशुवैद्यक होतो. तिथल्या गजाननची संकरित गाय व्यायल्यावर फार खंगली होती. खुराकात थोडं जवसाचं तेल घाल, असं मी त्याला सुचवलं आणि त्याला घेऊन युसूफभाईंकडे गेलो. गजाननने भलामोठा कॅन पुढे केला.

"एवढं कशाले?" युसूफभाईंनी विचारलं.

"फॅट लवकर वाढन म्हणून."

"काहून, गाय तळून राहिला काय?"

घाणीवरची सगळी माणसं हसली. मग मी समजावून सांगितलं. बेतानं दिलं तर तेलानं गायीला ताकद मिळते. जास्त झालं तर पोटातले चारा पचवणारे जंतू मंदावतात, गाय कडबा सोडते आणि दुधातलं फॅट उलट घसरतं. युसूफभाई कान देऊन ऐकत होते. त्यांनी कॅन बाजूला सारला आणि एक लहान बाटली भरून दिली. "हे सरलं की ये. पण गायीची तब्येत सांगाले ये, तेल न्याले नाही."

गाय सावरली. त्या थंडीत तिच्या दुधाचं लोणी इतकं मऊ निघालं की भाकरीवर बोटानं पसरावं. गजाननने त्यातलं डबाभर युसूफभाईंना नेऊन दिलं. ते त्यांनी गल्लीत घरोघर चाखायला लावलं. जणू गाय त्यांचीच होती.

घाणीशेजारी त्यांचा सोयाबीन तेलाचा ठोक धंदा होता. गावाबाहेरच्या एका दूध संकलन केंद्राचा मालक तिथून पिंपंच्या पिंपं तेल नेऊ लागला. गायींसाठी नेतो, म्हणे. युसूफभाईंनी रिवाजाप्रमाणे गायींची चौकशी केली, तर तो हसला. "चाचा, तुम्ही तेल विका. गाईचं आम्ही पाहू."

दुसऱ्याच दिवशी दुपारी युसूफभाई मला घेऊन त्या केंद्रावर गेले. तिथे एकही गाय नव्हती. मागच्या शेडमध्ये त्यांच्याच तेलाची पिंपं, पावडरची पोती आणि घुसळणीचं यंत्र होतं. शेजारी त्यातून बनवलेल्या नकली दुधाचे कॅन भरून ठेवले होते. परतताना मोर्णा नदीचा पूल आला तेव्हा युसूफभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, तेल गायीच्या पोटात गेलं तं त्याचं दूध होते. कॅनमधी गेलं तं तो धोका हाय. लहान लेकरं पितात ते."

ते तक्रार करणार हे कळताच त्यांचा मुलगा सलीम हात जोडून म्हणाला, "अब्बा, सबसे बडा गिऱ्हाईक है. तेल देणं बंद करा, पण तक्रारीत आपलं नाव नको."

"तेल माहं हाय ना? मंग नावबी माहंच राहीन."

त्यांनी सही करून तक्रार दिली. तपासणी झाली, नमुने नेले आणि केंद्राला कुलूप लागलं. पण तिथे खरं दूध घालणारे शेतकरीही अडकले. सकाळच्या दुधाचं काय करावं, हे कुणाला समजेना. गजाननसह सात-आठ जण चिडून घाणीवर आले.

"भाई, तुमी तं खरं बोलून मोकळे झाले. आमी दूध कुठी नेऊ?"

"अठी आना. माहा ओटा काय झोपून हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर कॅन मांडले गेले. युसूफभाई स्वतः रस्त्यात उभे राहून हाका मारू लागले. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "दूध घ्याच्या आंधी याले याच्या गायीचं नाव पुसा. नाव नाही सांगतलं तं घेऊ नका." बाया खरंच विचारत, आणि शेतकरी लाजत लाजत सांगत, कपिला, गौरी, चांदणी. आठवडाभरात कॅन उन्हं चढायच्या आत रिकामे होऊ लागले. पुढे त्या शेतकऱ्यांनी मिळून स्वतःचं दूध केंद्र काढलं. ते आजही सुरू आहे.

मागच्या हिवाळ्यात युसूफभाई गेले. सलीमचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला होतो. मी कब्रस्तानात पोचलो, तर बार्शीटाकळीची मंडळी माझ्याआधी येऊन उभी होती. त्यांतले बरेच जण धार काढून तसेच निघाले होते, हात धुवायलाही थांबले नव्हते. माती द्यायची वेळ आली तेव्हा सलीमने आधी त्यांना पुढे बोलावलं. गजाननने मूठ भरली. त्याच्या बोटांवर दुधाचा चिकटा होता, त्यामुळे काळी माती हाताला चिकटून राहिली. ती सगळी पडेपर्यंत तो हात झटकत राहिला, आणि कुणीही त्याला घाई केली नाही.