न पाहिलेला जंजिरा

इरा, नील,

मी मुरूड सोडलं त्या सकाळी माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढली आणि मला एकदम आठवलं, जंजिरा बघायचा राहिला. कॉलेजसाठी मुंबईला निघाले होते. माझे वडील, अण्णा, खिडकीशी उभे होते. म्हणाले, "सुट्टीत ये, नेतो. किल्ला कुठे पळून चाललाय?"

सुट्ट्या आल्या, गेल्या. मग लग्न, दादर, शाळेतली नोकरी, तुमचे बाबा. अण्णाही गेले.

आमच्या वेळी मुरूडला समुद्र बघायला कोणी जात नसे. घरांची तोंडं रस्त्याकडे. समुद्र मागे, नारळीच्या वाडीपलीकडे, गोठ्याच्याही मागे. लग्नानंतर आजोबा मला चौपाटीवर खास 'समुद्र बघायला' घेऊन निघाले, तेव्हा मला हसू आवरेना. आता तुम्ही तिथे जी 'सी-फेसिंग' खोली बुक केली आहे, तशा खोल्या गोठ्यांच्याच जागी उभ्या आहेत. शेणाचा वास गेला असावा.

परवा व्हिडिओ कॉलवर इरा म्हणाली, "आजी, आपल्याला गाईड नको. तू आहेस ना!" नीलने विचारलं, "तिथली तोफ केवढी गं?"

"तुझ्या बाबांच्या गाडीएवढी," मी ठोकून दिलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

बाळांनो, चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचं तळं, कोणालाच जिंकता न आलेला सिद्दीचा किल्ला, हे सगळं मी तुम्हाला पाहिल्यासारखं सांगत आले. ते अण्णांकडून ऐकलेलं. मी त्या दरवाजातून कधी आत गेलेच नाही. अख्खं दादर मी पायांनी ओळखते. माझं गाव मात्र अर्धं कानांनी.

राजपुरीहून शिडाची होडी सुटते आणि हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो, म्हणतात. म्हणून आठवडाभर रोज सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चढते, उतरते. डावा गुडघा कुरकुरतो. काल एका गृहस्थांनी विचारलं, "मावशी, काय चाललंय?"

"होडीतून उतरतेय," म्हटलं.

डिसेंबरात होडीत माझी जागा धरा, पण गाईड म्हणून नको. किल्ला पळाला नाही, मीच पळाले. पायरीवर आधी तुम्ही उतरा, मग मला हात द्या. तोफ तिघं मिळून मोजू. शिवणाची टेप मी आत्ताच पिशवीत टाकली आहे.

आजी