मावशींची पाठ

वॉर्डातल्या आयाबाईंना सगळे मावशीच म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी माणसं उचलली होती, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून स्ट्रेचरवर. "दुसरीला हाक मारेपर्यंत माझं काम उरकतं," म्हणायच्या आणि बाह्या सरसावायच्या.

पाठीने दगा दिला तो मात्र घरी, पडलेला साबण उचलताना. कमरेतून निघालेली कळ थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. मावशी न्हाणीघराच्या दाराला धरून तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"एवढ्याशा साबणाने आडवं केलं मला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"साबण नुसता निमित्ताला. मणक्यांच्या मध्ये गादी असते. ती झिजत झिजत बाहेर सरकली आणि शेजारची नस दाबली गेली. म्हणून दुखणं कमरेत आणि बोंब पायात. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर तसंच उठून इथं यायचं."

घरी नवऱ्याने, निवृत्त बसड्रायव्हरने, हुकूम सोडला, पलंग सोडायचा नाही! दोन आठवडे त्याने भात करपवला आणि बायकोला कुशीवर वळवलं. एकदा तो चिडून म्हणाला, "अगं, अंग सैल सोड ना!" मावशींना रडूच फुटलं.

"हेच मी पेशंटवर ओरडायचे. नाही हो सोडता येत. भीती वाटते."

पडून पडून पाय आणखीच आखडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मावशी, पाठ गंजवायची आहे का? थोडं थोडं चाला. दुखलं म्हणजे इजा झालीच असं नाही. कळ पायात जास्त खाली उतरायला लागली, तर मात्र थांबा."

मग नवरा-बायको घरातल्या घरात चालू लागले. "पुढचा थांबा, खिडकी!" नवरा ओरडायचा. हसताना कमर दुखायची, तरी मावशी हसायच्या.

तीन महिन्यांनी त्या कामावर परतल्या. पहिल्याच सकाळी सिस्टर म्हणाल्या, "मावशी, चार नंबरच्या आजोबांना खुर्चीत घ्या."

"दोघी लागतील."

"पूर्वी तर एकट्याच घ्यायचात."

"पूर्वी चुकत होतं माझं."

सिस्टर हातातली फाइल ठेवून स्वतःच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आल्या.

पाठ पूर्ण बरी झाली, असं नाही. फार वेळ उभं राहिलं की पोटरीत मुंग्या येतात. मग मावशी भिंतीला टेकून दोन मिनिटं थांबतात, आणि कुणी विचारलं तर सरळ सांगतात, "दुखतंय."