बार्शीची सही

विलायतेला जायचं माझ्या मनात कधी आलं, ते मला नेमकं सांगता येतं. मी नऊ वर्षांची होते. वडील सोलापूरच्या पोस्टात टपाल निवडायच्या कामावर होते आणि मी त्यांना दुपारचा डबा घेऊन जायची. एके दिवशी त्यांनी मला आत नेऊन विलायतेच्या टपालाची पिशवी दाखवली. एक पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे टाकून तीन आठवडे झालेत. तिथनं इथवर बोटीनं आलंय." पाकिटाला ओलसर वास येत होता. समुद्राचा असा वास असतो, असं मी धरून चालले. तेव्हापासून वडील रात्रीच्या जेवणानंतर माझ्याकडून बंदरं म्हणवून घेत. मुंबई, एडन, सुवेझ, पोर्ट सैद, मार्सेय. आई चुलीपाशी आवराआवर करत म्हणायची, "पोरीच्या जातीला बंदरं काय करायचीत?"

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर बार्शीचं. नांदायला गेले तेव्हा पंधरावं लागलं होतं. अकरा महिने तिथं राहिले. त्यात मोठा ताप आला, तो उतरला तेव्हा डावा कान गेला होता. सासूबाईंनी दोनदा हाका मारल्या आणि मला ऐकू आल्या नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी माझी ट्रंक दारात आणून ठेवली. "बरी झाली की घेऊन जाऊ," असं सांगून नवऱ्यानं मला सोलापूरला पोचवलं, आणि वर्षभरातच त्यानं दुसरं लग्न केल्याचं कळलं. वडिलांनी मला पुन्हा शाळेत घातलं, पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. मला नोकरी लागलेली पाहून ते गेले.

मी शिकवायची त्या मुलींच्या शाळेत माझ्या वर्गात विणकराच्या घरातली एक मुलगी होती. तिच्या घरी तेलुगू बोलत, शाळेत आम्ही मराठी, पण ती दोन्हीतलं काहीच बोलत नव्हती. तिला जन्मापासून ऐकूच येत नव्हतं. मी कविता म्हणायला लागले की ती जागेवरून उठून यायची आणि माझ्या गळ्यावर तळवा ठेवून उभी राहायची. बाकीच्या मुली हसायच्या. मला मात्र हसू येत नसे. अशा मुलांना बोलायला शिकवता येतं, त्याचं वर्षभराचं शिक्षण विलायतेत मिळतं, हे आमच्या मुख्याध्यापिकांनी कुठंतरी वाचलं. त्यांना आम्ही सगळ्या मोठ्या बाई म्हणत असू. त्यांनीच माझ्याकडून पुण्याच्या एका विश्वस्त मंडळाला अर्ज लिहून घेतला.

आठ महिन्यांनी होकार आला. बोट सप्टेंबरात होती. मोठ्या बाईंनी पेढे वाटले. मी माझा पदरात बांधून ठेवला.

वीस वर्षं ज्याची स्वप्नं पाहिली ते समोर आल्यावर आनंद व्हावा, तर मला नुसती धास्ती बसली. एका कानानं मराठी कळायची मारामार, तिथं गोऱ्यांचं इंग्रजी कसं कळायचं? मोठ्या बाई रोज शाळा सुटल्यावर मला समोर बसवून इंग्रजी वाचून दाखवत. आधी उजवीकडून, मग मुद्दाम डावीकडून. डावीकडून वाचलेलं मी निम्मं चुकायची.

बरोबर काय काय न्यायचं त्याची यादी पुण्याच्या मंडळाकडून आली होती, त्यात जाड लोकरी कोट होता. मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या शिंपीचाचांकडे मी लोकर घेऊन गेले. त्यांनी कापड मांडीवर घेतलं आणि कपाळाचा घाम पुसला. "बाई, ये इत्ती गरमी में किसके वास्ते?" मी सांगितलं. त्यांनी आयुष्यात असा कोट शिवला नव्हता. "नक्को घाबरू, बनता," म्हणाले आणि ओळखीच्या एका रेल्वे गार्डाचा जुना कोट मापाला आणला. माझा कोट तयार झाला तेव्हा त्याला हुबेहूब गार्डाच्या कोटाचे खिसे होते.

खरी अडचण पासपोर्टाची निघाली. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "यजमान काय करतात?"

"बार्शीला असतात," मी म्हणाले.

"मग त्यांचं संमतीपत्र जोडा. नवरा हयात असताना त्याच्या सहीशिवाय अर्ज वर पाठवता येणार नाही."

"पण चौदा वर्षं आमचा संबंध नाही."

"तसं लेखी आहे का काही?"

लेखी काहीच नव्हतं. एक ट्रंक दारात ठेवली गेली होती, त्याचा कागद कुठून आणणार?

मी बार्शीला पत्र लिहिलं. चौदा वर्षांनी नवऱ्याला लिहायचं म्हणजे सुरुवात काय करायची, यातच दोन दिवस गेले. शेवटी 'सा. न. वि. वि.' घातलं, परक्या माणसाला घालतात तसं. त्या दिवशी शाळेत घाई होती म्हणून पत्र आईकडे दिलं आणि पेटीत टाकायला सांगितलं. तीन आठवडे उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तेही आईकडेच दिलं. जून सरला. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात जाऊन उभी राहायची आणि तो पुढं गेला तरी तिथंच उभी असायची. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता लिहीत बसू नका. समोर जाऊन उभ्या राहा."

एका रविवारी मी एकटीच निघाले. कुर्डुवाडीला उतरून बार्शीची छोटी गाडी धरली. ती इतकी हळू चाले की माणसं मध्येच उतरून चालू लागत. परत फिरावं असं मला दोनदा वाटलं, पण फिरणार कशी? संमतीपत्राचा कागद पिशवीत होता, त्यावर फक्त सहीची जागा मोकळी होती.

घर तेच होतं. दार उघडलं ते कडेवर मूल घेतलेल्या एका बाईनं. माझ्याच वयाची असेल.

"कोन पाहिजे?"

मी कोण ते सांगितलं. तिनं मुलाला घट्ट धरलं. मग म्हणाली, "ते कापसाच्या जिनात गेल्यात. आज वजनकाटा चालू हाय. येतील इतक्यात. बसा."

तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि स्वतः उंबऱ्यातच उभी राहिली. मी पाणी पीत असताना तिनं विचारलं, "ऱ्हायला आलाय व्हय?"

मला एकदम तिच्या तोंडाकडं पाहवेना. मी इतके दिवस माझ्याच भीतीत होते. मला पाहून कुणाला भीती वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही हो. एक सही पाहिजे. मला विलायतेला शिकायला जायचंय."

"समुद्राच्या पल्याड?"

"हो."

"आन परत?"

"परत सोलापूरला. माझ्या आईकडे, माझ्या शाळेत. इकडे नाही."

तिनं मूल खाली सोडलं. "चा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

ते आले तेव्हा मी उभी राहिले. रस्त्यात भेटले असते तर ओळखलं नसतं. केस विरळ झाले होते, अंगावर कापसाचे धागे होते. मी अकरा दिवसांपूर्वीच गेले असावे अशा सुरात ते म्हणाले, "काय काम काढलंस?"

"दोन पत्रं लिहिली होती."

"एकही आलं नाही."

मला वाटलं, खोटं बोलताहेत. कागद पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"उद्या तिकडं काही भलतंसलतं झालं, तर बोल मलाच लागायचा. नाव माझं लावतेस."

"चौदा वर्षांत कुणी लावला बोल?"

त्यांनी कागदाची घडी घातली. "ठेव इथं. विचार करतो आणि लिहून कळवतो."

'बरी झाली की घेऊन जाऊ' हे त्याच आवाजात म्हटलेलं होतं. परतीची गाडी चारला होती आणि बोट गाठायची तर पासपोर्टाचा अर्ज आठवड्याभरात द्यायला हवा होता. तेवढ्यात आतून ती बाई चहाच्या कपबश्या घेऊन आली.

"इचार कसला त्यात? सई करा की."

"तू गप बस."

"बसते गप. पन ह्यांना परत यायला लावू नका."

हे ती माझ्यादेखत बोलली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दौत मागवली. जमिनीवर बसून, पाटावर कागद धरून त्यांनी मोडीत सही केली. शाईवर फुंकर घातली. कागद परत देताना त्यांनी विचारलं, "कानाला कसं आहे?"

"तसंच आहे," मी म्हणाले.

गल्लीच्या तोंडापर्यंत ती माझ्याबरोबर आली. "बाई, राग मानू नका," ती म्हणाली, "पन पुन्हा हितं नका येऊ."

"नाही येणार," मी म्हणाले. मला तिचा राग आला नव्हता. उलट तिचे उपकार मानावेत असं वाटलं.

परतीच्या वाटेवर कुर्डुवाडीपर्यंत मी तो कागद किती वेळा उघडून पाहिला असेन. त्यानंतर मात्र मन पत्रांवर गेलं. त्यांना खोटं बोलायचं कारण काय होतं? पत्रं मिळाली आणि उत्तर दिलं नाही, असं म्हणायला त्यांना कुणाची भीती होती? सोलापूरच्या अलीकडचं पाकणी स्टेशन येईपर्यंत मला उत्तर सापडलं होतं आणि ते खरं नसावं असं वाटत होतं.

घरी आले तेव्हा आई सुपात ज्वारी पाखडत होती.

"आई, ती पत्रं पेटीत टाकलीस ना?"

सूप थांबलं नाही. "न्हाय."

"दोन्ही?"

तिनं सूप खाली ठेवलं, उठून ट्रंक उघडली आणि जुन्या लुगड्याखालून माझी दोन्ही पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. "तुझा बा जलमभर लोकांची पत्रं पोचवत ऱ्हायला," ती म्हणाली. "म्या दोन दाबून ठिवली."

मी तिला नको नको ते बोलले. त्या दीड-दोन महिन्यांची सगळी भीती मी तिच्यावर ओतली. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी दमून बसल्यावर आई एवढंच म्हणाली, "मी हितं मेले तर तुला कळायला किती दिस लागतील?"

याचा हिशेब मला लहानपणापासून येत होता. तीन आठवडे. पण ते मी सांगितलं नाही.

तीन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी जेवले नाही तर तीही जेवायची नाही, म्हणून मी जेवायची. चौथ्या दिवशी मी कचेरीत निघाले तर आई लुगडं बदलून दारात उभी. "कुटं द्यायचा त्यो कागद? चल, मी येते."

ती बाहेर पायरीवर बसली. आत कारकुनानं मोडी सही उलटीसुलटी करून पाहिली. "साहेबाला मोडी येत नाही," म्हणाला. मग त्यानं पलीकडच्या म्हाताऱ्या कारकुनाला हाक मारली. म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सारून सही वाचली, खाली बाळबोधीत लिहून दिली आणि विचारलं, "पोरी, एकटी जाणार?"

"हो."

"देव बरोबर असो," म्हणत त्यानं शिक्का मारला.

पासपोर्ट यायला ऑगस्टची अखेर उजाडली. तोवर आई शेजारणींकडून विचारून आली होती की तिकडं भाकरी मिळत नाही. तिनं पुरचुंड्या बांधायला घेतल्या. शेंगाचटणी, दशम्या, वाळवलेली भाजी. मी म्हणाले, एवढं नेता येणार नाही. ती म्हणाली, "मग खाऊन संपव." मला रोज वाटायचं, आता ती रडेल, आणि ती रडली की मी जाणार नाही. ती रडली नाही. रात्री माझाच डोळा लागायचा नाही. बोटीवर मी कुणाचं काही चुकीचं ऐकलं तर? तिथं मला एका वर्षात जमलं नाही तर? आणि ती विणकराची मुलगी वर्षभरात शाळा सोडून मागावर बसली तर?

निघायच्या दिवशी स्टेशनावर मोठ्या बाई, शिंपीचाचा आणि आई होते. चाचांनी कोट स्वतः इस्त्री करून आणला होता. मोठ्या बाई सूचना देत होत्या, त्यातली एकही माझ्या डोक्यात शिरत नव्हती. आईचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती बायकांच्या डब्यात डोकावून माणसं पाहत होती. खिडकीपाशी बसलेल्या एका वयस्क बाईला तिनं गाठलं.

"माझी लेक विलायतेला चाललीय. एकटीच हाय. तिच्याकडं जरा ध्यान ठिवा."

ती बाई म्हणाली, "ठिवते की. बसवा तिला माझ्याशेजारी."

गाडी हलली. आई फलाटावरून थोडी चालली आणि थांबली. हात तिनं वर केला नाही, मीही केला नाही.

त्या बाईनं खरंच ध्यान ठेवलं. मला अर्धी भाकरी दिली, पाणी पाजलं, तिकीट नीट ठेवलंय का ते विचारलं. विलायत म्हणजे मुंबईच्या पुढं किती, हेही विचारलं. मी बंदरांची नावं सांगितली, तिनं ती सगळी शांतपणे ऐकून घेतली. ती दौंडला उतरली. उतरता उतरता म्हणाली, "आता डब्यात दुसरं कुनी न्हाय. आतनं कडी लावून घे." मी उठून कडी लावली आणि नीट लागली का ते दोनदा ओढून पाहिलं.