घोट्यावरचा वळ

मी काम करतो त्या संग्रहालयात काचेखाली एक सांगाडा आहे, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा. त्याला त्याच्याच घराच्या जमिनीत पुरलं होतं, दोन्ही पाय घोट्यापासून तोडून. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून तोडत असावेत, असं मी येणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. "पाहुणे परत यायला नकोत, ही पुणेरी पद्धत तेव्हापासूनची तर!" असं कुणीतरी म्हणतंच. पूर्वी मीही हसायचो.

बाबांना शेवटी काही आठवेनासं झालं होतं. दार उघडं दिसलं की निघायचे. एकदा कोथरूडहून निघाले ते कात्रजला सापडले, डेअरीपाशी, अनवाणी. घरात आम्ही दोघंच. त्यानंतर कामावर जाताना मी आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्यांचे पाय पलंगाला बांधायला लागलो. दुपारी जेवायला येऊन सोडायचो. हे कुणाला सांगितलं नाही.

एका दुपारी आलो तर ते गेलेले होते. झोपेतच, असं डॉक्टर म्हणाले. ते यायच्या आधी मी पायांची गाठ सोडली होती. बोटांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडली.

पायांचे अंगठे बांधताना ताई थांबली.

"अरे, घोट्यावर हा वळ कसला?"

"मोज्याचं इलॅस्टिक."

"मे महिन्यात मोजे?"

मी चादर घोट्यांवर ओढली. तिनं अंगठे बांधले.

याला दोन वर्षं झाली. अजून दुपारी घरी आलो की किल्ली कुलपात घालून तसाच उभा राहतो. वाटतं, आत ते पलंगावर बसलेले असतील. म्हणतील, "आलास? सोड आता." बाहेरच काहीतरी खाऊन परत कामावर जातो. बाबांच्या खोलीत तर मी तेव्हापासून पाऊलच टाकलेलं नाही.

परवा बाबांच्या श्राद्धाला ताईकडे गेलो, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती पान वाढत होती, वाढतच राहिली.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं असतंस, 'ताई, तू का नाही नेलंस त्यांना तुझ्याकडे?' मी काय सांगणार होते?" मग हळूच म्हणाली, "ती पट्टी कुठंय?"

"पलंगालाच. त्या बाजूची गाठ मी सोडलीच नाही."

"चल, सोडून टाकू."

भर दुपारी दोघं माझ्या घरी आलो. मी कुलूप उघडलं, खोलीचं दार ढकललं. ताई उंबऱ्याशीच थांबली, माझा शर्ट मागून घट्ट धरून.

"आधी तू जा," ती म्हणाली.