मोकळ्या जागेवरचं धाबं

मंडळी, आज सकाळी पारोळ्याजवळच्या आमच्या गावात मी एका म्हाताऱ्या गवंड्याला मोबाइलमधल्या घराचं छत दुरुस्त करून घेताना पाहिलं.

आमचं घर धाब्याचं होतं, म्हणजे लाकडी तुळयांवर माती दाबून केलेल्या सपाट छताचं. त्र्याण्णव साली आम्ही ते पाडलं. जागा अजून मोकळीच आहे. माझी भाची प्राची आर्किटेक्चर शिकते. तिने जुन्या फोटोंवरून ते घर मोबाइलमध्ये उभं केलंय. जागेकडे कॅमेरा धरला की घर जिथल्या तिथे दिसतं! ओटा, कोनाडे, दाराची कडीसुद्धा. मी बघतच राहिलो.

ते घर बांधणारे सुपडू आबा आता नव्वदीला टेकलेत. त्यांनी फोन हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, बठ्ठं बरोबर शे. पन धाबं सपाट कसाले करं? पानी कथा जाई?"

म्हणजे बाकी सगळं बरोबर, पण पाणी जाणार कुठे? धाबं सपाट दिसलं तरी त्याला थोडा उतार असतो, आणि फोटोत तो दिसतच नाही. त्या घरात वीस वर्षं राहून मलाही तो माहीत नव्हता. आबांनी चार बोटं आडवी धरून दाखवली. एवढाच उतार, विहिरीकडच्या कोपऱ्याला. प्राचीने तिथेच दगडावर बसून लॅपटॉपवर तो दिला. आबांनी पुन्हा पाहिलं, फोन तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आते येऊ दे पाऊस."

तुमच्या जुन्या घराचं पाणी कोणत्या कोपऱ्याने उतरायचं, सांगता येईल? फोटोत शोधू नका. बांधणारा हयात असेल तर आजच जाऊन विचारा.