विहिरीतली मोटार आणि कोठीची किल्ली

मामा कन्नडहून एसटीनं आले ते पोत्यात गुंडाळलेली पाण्याची मोटार घेऊन. मुकुंदवाडीत रिक्षावाल्यानं ती आमच्या दारात ठेवली, कंबर धरली आणि निघून गेला. मी नुकताच जिना पुसला होता.

"बाई, सापडली," मामा म्हणाले.

कोणती, हे विचारायची गरज नव्हती. याच मोटारीच्या चोरीपायी मामांना शिक्षा झाली होती. मोटार त्यांच्या चुलतभावाची. त्याच्या विहिरीतून ती एका रात्रीत नाहीशी झाली आणि तसलीच एक मामांच्या गोठ्यात मिळाली. मामांनी ती आठवडी बाजारातून जुनी घेतली होती, पावती न घेता. चुलतभावानं शपथेवर सांगितलं, की मोटारीवर रंगवलेलं माझ्या लेकीचं नाव यानं खरवडून काढलं, पण आवाज माझ्याच मोटारीचा आहे. आवाज ओळखणारा साक्षीदार कोर्टाला पटला. अपील फेटाळलं गेलं, आणि मामा काही महिने तुरुंगात राहून आले.

तुरुंगाबद्दल त्यांची तक्रार एवढीच, की वरण पातळ असायचं. खरं दुखणं कोठीचं होतं. आमच्याकडे लग्नात बुंदी, तूप, साखर ज्या खोलीत ठेवतात, तिची किल्ली भावकीतल्या सगळ्यांत भरवशाच्या माणसाकडे देतात. ती कायम मामांकडे असायची. शिक्षेनंतर एकानंही दिली नाही. पंगतीला आग्रह करत, टोपी-उपरणं देत, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

आता उन्हाळ्यात चुलतभावानं विहिरीतला गाळ काढला आणि तळातून मोटार वर आली. ज्या फळीवर बसवलेली होती त्या फळीसकट. नट आवळलेले, लाल ऑइलपेंटमधलं नाव शाबूत. फिर्यादीत 'फळीसह चोरून नेली' असंच लिहिलं होतं. चोराला फळी कशाला हवी, हे तेव्हा कुणालाच खटकलं नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर वकील राहतात. मी त्यांना जेवणावरून उठवून खाली आणलं. त्यांनी सगळं ऐकलं, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही तुम्हाला दिली कोणी?"

"दिली कुणी नाय. तो भाकर खायाला गेल्ता, मी उचलली."

"म्हणजे तेव्हा चोरली नव्हती, ती आज चोरलीत."

मामा पोत्यावर बसले.

वकिलांनी समजावलं. निकाल अंतिम झालाय. आता हायकोर्टात जायचं, नवा पुरावा घ्या म्हणायचं आणि एवढा उशीर का झाला ते सांगायचं.

"उशीर मोटारीनं केला. तिला इचारा."

"किंवा सोपं म्हणजे तडजोड. फिर्यादीनं मान्य केलं, कोर्टानं परवानगी दिली, की तुम्ही सुटलात."

"म्हंजे मी चोरली आन त्यानं माफ केलं. नाय जमायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, मामा आणि पुरावा पुन्हा कन्नडला निघालो. पुढं जीपमध्ये मोटारीवर पाय ठेवून बसावं लागलं. चुलतभाऊ विहिरीवरच होता.

"आणली व्हय? दुसरी फिर्याद द्यायला निघालो होतो."

"नाव वाच आधी," मामा म्हणाले.

"वाचलं. पण चोरून हिरीत टाकली नसंल कशावरून?"

"काका, नट बघा," मी म्हटलं. "न खोलता, फळीसकट कोण चोरतं? भिंतीतला टेकू सुटला आणि सगळंच खाली गेलं."

त्यानं वाकून एक नट बोटानं फिरवून बघितला. तो हलला नाही. मागून त्याची बायको म्हणाली, "आवाज वळखत होते म्हणं. हिरीतून येत होता का?"

त्यानंतर त्यानं फार ताणलं नाही. वकिलांनी सांगितल्याप्रमाणे पंचनामा झाला, त्यानं प्रतिज्ञापत्रही दिलं. वर मामांना म्हणाला, "नातीचं लगीन हाय. कोठी तूच सांभाळ."

मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच मामा म्हणाले, "निकालाबिगर किल्लीला हात लावायचा नाय."

मी त्यांना जीपपर्यंत बोलले. उपयोग शून्य. हायकोर्ट लग्नाचा मुहूर्त बघत नाही, तेव्हा नातीचं लग्न मामांवाचून पार पडलं. बुंदी दुसऱ्याच पंगतीला संपली. मामांनी ही बातमी मला मुद्दाम फोन करून कळवली.

यथावकाश शिक्षा रद्द झाली. निकाल इंग्रजीत. मामांनी वकिलांकडून 'निर्दोष' हा शब्द नेमका कुठं आहे ते विचारून घेतलं आणि तेवढ्या ओळीवर मला हळदीचं बोट लावायला लावलं.

मग चुलतभावाच्या नातवाचं लग्न आलं. सगळ्या भावकीसमोर त्यानं किल्ली मामांच्या हातात दिली. मामांनी ती कमरेला खोचली, कोठीच्या दारात खुर्ची टाकली आणि मला शेजारी बसवलं. मला वाटलं, मानानं. पंगत बसली तसा चुलतभाऊ घाईघाईत आला.

"व्याह्यांसाठी एक परात बुंदी दे लवकर."

मामा जागचे हलले नाहीत. माझ्या हातात कागद-पेन देत म्हणाले, "बाई, लिही. एक परात बुंदी." मग चुलतभावाकडे वळले. "आन दादा, तू सही कर. बिनपावतीचा माल मी आता ठिवत बी नाय आन देत बी नाय."