पाण्यातला आंबा

चिलापी मासा तळल्याचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढं कोयना धरणाचं उतरलेलं पाणी येतं. उन्हाळ्यात सांजच्याला चुलते गळ घेऊन निघायचे. "आंब्यापाशी लय मासं हायती," म्हणायचे. तो आंबा त्यांच्या बुडालेल्या गावातला, पाण्याखालचा. एका वर्षी त्यांचा थोरला मुलगा होडीतून पडला. शोधायला बाहेरची माणसं आली. चुलते म्हणाले, "आंब्यापाशी बघा." माणसं काठावरच्या आंब्याकडं धावली. "आवं, त्यो न्हवं, पाण्यातला!" चुलते ओरडले. मुलगा तिथंच सापडला, वठलेल्या फांद्यांत अडकलेला. माशांनी चेहरा ठेवला नव्हता. पुढं कुणी माशांची जागा विचारली, की चुलते म्हणायचे, "हितं मासं न्हाईत." परवा पाहुण्यांनी चिलापी खाता खाता मला तेच विचारलं. "न्हाईत हितं," मी म्हणालो.